चेंडू कोणाच्या हाती?

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त गौतमपुरा येथे भरलेल्या पालक-मेळाव्यात एका पालकाने केलेल्या भाषणाचा हा मजकूर आहे.)



या व्यासपीठावर बोलण्याचा मान खरे पाहता एखाद्या नामांकित खेळाडूला मिळावयास हवा होता. मी खेळाडू नाही. मैदानावर माझी जागा नेहमी दोरीच्या बाहेर, सतरंजीवर, पाण्याच्या बाटल्या आणि डबे सांभाळण्याची. पण आपल्या चिटणीसांनी आमंत्रण देताना मला स्पष्टच सांगितले, "मुलीच्या खेळापायी तुम्ही जे जे चुकलात, तेवढेच सांगा. पालकांना त्याचाच उपयोग होईल." इतक्या मोकळ्या मनाने दिलेले आमंत्रण नाकारणे मला जमले नाही.

आपले गाव सुभेदार मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावाचे. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी येथे तुर्रा आणि कलगी अशी दोन दळे पेटते हिंगोट घेऊन समोरासमोर उभी राहतात. त्यात माणसे भाजतात, जखमी होतात; पण त्या खेळात हार-जीत लागत नाही, आणि त्यावरून कोणी वर्षभर अबोला धरल्याचे मी पाहिलेले नाही. अशा गावची आपण माणसे. आग अंगावर आली तरी मागे न सरणारी! पण आपल्या तेरा वर्षांच्या मुलीच्या हातून कोचने चेंडू काढून दुसरीच्या हाती दिला, की तेवढे मात्र आपल्याला सोसवत नाही. माझेही तसेच झाले. आज त्याविषयीच चार शब्द बोलणार आहे.

ज्या आजी-आजोबांना सॉफ्टबॉल हा खेळ ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. १८८७ साली अमेरिकेतील शिकागो शहरात एका बंदिस्त दालनात हा खेळ सुरू झाला. नावात मऊपणा आहे. परंतु आजचा चेंडू मुळीच मऊ नाही. बारा इंच घेराचा तो चेंडू लागला, की अंगावर चांगला काळानिळा डाग उमटतो. नऊ जणींचा संघ आणि सात इनिंगचा सामना. मैदानाच्या मध्यभागी उभी राहून, हात खांद्यातून रहाटासारखा पूर्ण फिरवून, कमरेखालून चेंडू टाकणारी मुलगी म्हणजे पिचर. मोठ्या मुलींच्या खेळात ती आणि बॅट घेतलेली मुलगी यांच्यामध्ये अंतर असते अवघे ४३ फूट.

आता यातली ग्यानबाची मेख पाहा. क्रिकेटमध्ये सहा चेंडू झाले की गोलंदाजाच्या हातून चेंडू आपोआप जातो. बदल हा त्या खेळाचा रिवाजच आहे. त्यात कोणाला काही वाटत नाही. सॉफ्टबॉलमध्ये तसे नाही. आपल्या संघाची पाळी असेपर्यंत प्रत्येक चेंडू तीच मुलगी टाकते, इनिंगमागून इनिंग टाकते, आणि कोचने बदलेपर्यंत टाकतच राहते. त्यामुळे बदल झाला की तो साऱ्या मैदानाला दिसतो. खेळ थांबतो, कोच आत जातो, हात पुढे करतो आणि मुलगी त्याच्या हातात चेंडू ठेवते. दोरीबाहेर बसलेल्या आईबापाला त्या क्षणी असे वाटते की, भर पंगतीत आपल्या लेकराच्या पुढचे पान कोणी उचलून नेले.

इंदूरला शालेय सामने होते. माझी धाकटी मुलगी आपल्या संघाची पिचर होती. पाचवी इनिंग चालू होती आणि आमच्या मुली दोन धावांनी पुढे होत्या. तिचे चेंडू वर जाऊ लागले. लागोपाठ दोन बॅटरना तिने चार-चार बॉल दिले, आणि त्या दोघी आयत्याच बेसवर जाऊन उभ्या राहिल्या. कोच आत गेले, तिच्याशी दोन शब्द बोलले, तिला उजव्या बाजूला मैदान राखायला पाठवले, आणि चेंडू एका लहानखुऱ्या मुलीच्या हाती दिला. त्या मुलीने पहिल्या बॅटरला बाद केले. दुसरीने मात्र असा टोला मारला की बेसवरच्या दोघी घरी आल्या आणि त्यांच्या मागोमाग तीही आली. दोन धावांची आघाडी गेली आणि आम्ही एका धावेने मागे पडलो. सामना त्याच एका धावेने गेला.

मी उठलो. दोरीपाशी गेलो. कोच वयाने माझ्याहून लहान. सगळ्या मुलींच्या देखत मी त्यांना विचारले, "हिला काढायचं कारण काय होतं?" ते म्हणाले, "नंतर बोलू." मला नंतर नको होते. मी म्हणालो, "ती एवढीशी पोर काय टाकणार? हातचा सामना घालवलात!"

ज्या सतरंजीवरून मी उठलो होतो, तिच्या शेजारच्याच सतरंजीवर त्या 'एवढ्याशा पोरी'ची आजी बसली होती. डब्यात शिरा घेऊन आली होती. सकाळी त्यातला शिरा मीही खाल्ला होता. मी परत येऊन बसलो, तेव्हा ती माउली रागावली नाही. इतकेच म्हणाली, "भाऊ, माझी नात वर्षभर वाट पाहत होती, सर कधी बोलावतात म्हणून. तुमच्या मुलीनंच तिला टाकायला शिकवलंय."

मंडळी, मला हे ठाऊकच नव्हते. परतीच्या बसमध्ये माझी मुलगी माझ्या शेजारी बसली नाही. त्या मुलीच्या शेजारी बसली. घरी आल्यावर जेवताना ताटाकडे पाहत तिने सांगितले, "बाबा, पुढच्या मॅचला तुम्ही येऊ नका."

मला वाटते, त्या दिवशी खरी बदली झाली ती माझी.

मी कोचची क्षमा मागितली. त्या आजीच्या घरी जाऊन तिचीही मागितली. तेव्हा कोचनी मला शांतपणे समजावून सांगितले. खांदा आणि पाय दमले की चेंडू वर जाऊ लागतो. दोन वॉक ही त्याची खूण. शिवाय तेच बॅटर तिच्यासमोर तिसऱ्यांदा आले होते. तिच्या चेंडूचा वेग त्यांच्या डोळ्यांत बसला होता. दुसऱ्या दिवशीही सामना होता. आणि शेवटची गोष्ट अशी की, दुसऱ्या मुलीला कठीण वेळी कधी उभेच केले नाही, तर ती कठीण वेळी उभी राहायला शिकणार कशी? यांतले एकही कारण सतरंजीवरून दिसत नाही. सतरंजीवरून फक्त आपली मुलगी दिसते.

कोचचा निर्णय त्या दिवशी फळला नाही, हे खरे. पण फळ न लाभलेला निर्णय चुकीचाच असतो असे नाही. चंद्रकांत पंडित यांची गोष्ट आपल्या प्रांतात सर्वांना माहीत आहे. १९९८-९९ च्या हंगामात ते मध्य प्रदेशाचे कर्णधार असताना बेंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर कर्नाटकाविरुद्ध रणजी करंडकाचा अंतिम सामना हातचा गेला. २०२२ च्या जूनमध्ये, त्याच मैदानावर, तेच पंडित प्रशिक्षक असताना मध्य प्रदेशाने मुंबईला सहा गड्यांनी हरवून पहिल्यांदा करंडक आणला. मधे तेवीस वर्षे गेली. मला तर तेवीस मिनिटेही दम धरवला नव्हता.

इथपर्यंतची कथा ऐकून आपल्याला वाटेल की बोध उघड आहे: पालकांनी गप्प बसावे. मलाही तसेच वाटले. माझी दुसरी चूक तिथूनच सुरू झाली, आणि ती पहिलीपेक्षा मोठी होती.

दोन वर्षांनी मुलगी वरच्या गटात गेली. कोच दुसरे होते. मी मनाशी नेम केला होता की एक अक्षर बोलायचे नाही. एका स्पर्धेत दोन दिवसांत तीन सामने झाले आणि तिन्ही सामने तिनेच टाकले. संघ जिंकला. गावात कौतुक झाले, पेढे वाटले गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या सौभाग्यवतींच्या लक्षात आले की पोरगी वेणी घालताना उजवा हात वर नेत नाही. डाव्या हातानेच कशीबशी केस आवरते आहे. विचारले तर म्हणाली, "काही नाही, अवघडलाय." अधिक विचारले तेव्हा डोळ्यांत पाणी आले. पहिल्या दिवसापासूनच खांदा दुखत होता.

डॉक्टरांनी कित्येक आठवडे चेंडूला हात लावू दिला नाही. मी कोचकडे गेलो, या खेपेस एकटा आणि आवाज खाली ठेवून. त्यांना खरोखरच धक्का बसला. "तिनं मला सांगितलंच नाही हो! मी दर सामन्याआधी विचारत होतो." मी घरी येऊन तिला विचारले, "का सांगितलं नाहीस?" ती म्हणाली, "सांगितलं असतं तर सरांनी काढलं असतं."

बंधू-भगिनींनो, हे वाक्य मी आजही विसरलेलो नाही. पिचरला काढणे म्हणजे नामुष्की, ही गोष्ट तिला कोणी शिकवली? कोचनी नाही. ती शिकवण त्या दिवशी दोरीपाशी उभे राहून, सगळ्यांच्या देखत, मी दिली होती. मी क्षमा मागितली. पण मुलांच्या मनावर उमटलेले क्षमेने पुसत नाही. बदलीला मी अपमान ठरवले, म्हणून तिने दुखणे लपवले.

आणि यात आपल्या भोवतालच्या हवेचाही भाग आहे. आपण इंदूरकडची माणसे पराक्रमाच्या गोष्टी ऐकतच वाढलो. १९४५ साली मुंबईच्या ब्रेबोर्न मैदानावर होळकर संघ रणजीचा अंतिम सामना खेळला. मुंबईने दुसऱ्या डावात ७६४ धावा केल्या. आपले कर्णधार होते सी. के. नायडू, आणि लेगब्रेक टाकत होते त्यांचे धाकटे बंधू सी. एस. नायडू. थोरल्या भावाने चेंडू काढून घेतला नाही आणि धाकट्याने मागे दिला नाही. सी. एस. यांनी पहिल्या डावात ६४ षटके ५ चेंडू आणि दुसऱ्या डावात ८८ षटके टाकली. एका सामन्यात ९१७ चेंडू! प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमधला तो विक्रम ठरला. बळीही त्यांनी अकरा घेतले. तरी होळकर संघ ३७४ धावांनी हरला.

तसेच आपले नरेंद्र हिरवाणी. घर सोडून पोरवयात इंदूरला आले आणि संजय जगदाळे यांच्या नजरेखाली तयार झाले. १९८८ साली मद्रासला पहिल्याच कसोटीत त्यांनी वेस्ट इंडीजचे सोळा गडी बाद केले, ते सर्वांना पाठ आहे. पण १९९० साली इंग्लंडमध्ये ओव्हलवर त्यांनी एका बाजूने सलग ५९ षटके टाकली, मध्ये एकदाही न थांबता, हे थोड्यांना आठवते. त्या ५९ षटकांत गडी मिळाला एक.

या दोन्ही गोष्टी मी मुलीला मोठ्या अभिमानाने सांगितल्या होत्या. सांगताना एक गोष्ट सांगायची राहिली: ती माणसे पुरी वाढलेली, कसलेली होती, आणि फिरकी टाकत होती. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीचा खांदा तसा नसतो. डॉक्टरांनी मला सोप्या शब्दांत सांगितले की वाढीच्या वयात हाडांच्या टोकांशी कोवळी कूर्चा असते. हाड तिथूनच वाढते. एकसारखा ताण पडला की प्रथम तीच दुखावते. मोठ्या माणसाचा स्नायू दुखावतो तिथे मुलांची वाढच दुखावू शकते.

अमेरिकेत मुलांच्या बेसबॉलसाठी 'लिट्ल लीग' नावाची जुनी संघटना आहे. तिने २००७ पासून चेंडू मोजण्याचा नियम केला. अकरा-बारा वर्षांच्या मुलासाठी दिवसाला ८५ चेंडूंची मर्यादा, आणि जितके अधिक टाकले तितके दिवस विश्रांती. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू कमरेखालून टाकायचा असतो, तेव्हा हाताला त्रास नाही, अशी समजूत मात्र बराच काळ चालली. १९९८ साली तिकडच्या अभ्यासकांनी मोजमाप प्रसिद्ध केले, तेव्हा दिसून आले की रहाटासारखा हात फिरवताना खांद्यावर पडणारा ताण बेसबॉल टाकणाऱ्याच्या ताणाच्या जवळपासच असतो. म्हणजे ज्या बदलीवर मी भांडलो, ती बदली हेच अनेकदा औषध असते.

या दोन्ही चुका शेजारीशेजारी ठेवल्या तेव्हा मला एक सूत्र सापडले. तेच आज आपल्यापुढे ठेवायचे आहे: चेंडू कोणाच्या हाती द्यायचा, हे ठरवणे कोचचे काम, पण तो हात कसा आहे, हे पाहणे आईबापांचे काम. पहिल्या वेळी जे माझे नव्हते त्यात मी बोललो. दुसऱ्या वेळी जे माझेच होते त्यात मी गप्प राहिलो.

याचा व्यवहार कसा करावा? पहिली गोष्ट, सामन्याच्या दिवशी कोचशी निर्णयाविषयी बोलू नये. एक रात्र मध्ये जाऊ द्यावी. सकाळी चहाबरोबर निम्मा राग विरघळलेला असतो. उरलेला अर्धा घेऊन जावे, पण एकट्याने जावे, आणि "का काढलं?" असे न विचारता "घरी तिच्याकडून काय करून घेऊ?" असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला सबब मिळते, दुसऱ्याला उत्तर मिळते.

दुसरी गोष्ट, जागेविषयीचा प्रश्न मुलीला स्वतःला विचारू द्यावा. "सर, मला पुन्हा टाकायला मिळावं म्हणून मी काय सुधारू?" एवढे वाक्य ती बोलू शकली तर तिने एक सामना जिंकलाच समजा. आपण तिच्या वतीने बोललो तर ती पुढेही कोणीतरी बोलेल अशी वाट पाहत बसेल.

तिसरी गोष्ट, कोणत्या बाबतीत एक रात्रही थांबू नये. दुखणे, आजार, आणि कोणाचेही अनुचित वागणे. मुलगी दुखते म्हणाली, किंवा न म्हणता वेणी डाव्या हाताने घालू लागली, तर त्याच दिवशी कोचला सांगावे. आणि मैदानावर कोणी तिचा अपमान केला, तिला धाक घातला, नको तसे वागले, तर तेथे आदर, भीड, संघाचे हित यांपैकी काहीही मध्ये आणू नये. कोचला मान देणे निराळे, आणि डोळे मिटणे निराळे.

चौथी गोष्ट, परतीच्या वाटेवरची. तिथे सामन्याचे परीक्षण करू नये. मोबाइलवर घेतलेले चित्रण तिच्यापुढे धरून "हा चेंडू बघ" म्हणू नये. "भूक लागली का?" हा प्रश्न पुरेसा आहे. तिला बोलावेसे वाटले तर ती स्वतः बोलेल.

कोचमंडळी येथे बसली आहेत; त्यांनाही हात जोडून एक विनंती. स्पर्धेच्या आधी पालकांना एकदा बोलावून सांगा की या-या कारणांनी आम्ही पिचर बदलतो, आणि प्रत्येकीची पाळी येणार आहे. चेंडू मागताना मुलीच्या डोळ्यांत पाहून दोन शब्द बोला. आधी सांगितलेला बदल नियम वाटतो. न सांगितलेला बदल शिक्षा वाटतो.

विश्वस्तांना मागणे लहानसे आहे. महोत्सवी वर्षात पुष्कळ मोठी कामे होतील, देणग्या येतील, इमारतीला मजला चढेल. त्यांतच न्यासाने एक साधी वही घ्यावी. सामन्यात आणि सरावात कोणत्या मुलीने किती चेंडू टाकले, याच्या रेघा स्कोअरर मुलीने त्या वहीत ओढाव्यात, आणि कोणाला किती दिवस विसावा दिला तेही लिहावे. वही पालकांना पाहता यावी. वीस-पंचवीस रुपयांची ती वही कित्येक खांदे राखील आणि कित्येक भांडणेही वाचवील. पहिली वही मी आणून चिटणीसांकडे दिली आहे.

शेवटी या खेळाचा एक नियम सांगतो, जो मला फार उशिरा कळला. सुरुवातीच्या नऊ जणींपैकी एखादीला सामन्यातून बाहेर काढले, तरी तिला त्याच सामन्यात एकदा परत येता येते, बॅटिंगच्या आपल्या मूळ क्रमावर. म्हणजे काढणे हा शेवट आहे, असे हा खेळच मानत नाही. ते आपणच मानतो.

माझी मुलगी बरी झाली. पुन्हा टाकू लागली. आता कधी चार इनिंग टाकते, कधी दोनच. त्या आजीची नात आता चांगली उंच झाली आहे आणि बहुतेक वेळा शेवटच्या इनिंग तीच टाकते. मागच्या हंगामात माझ्या मुलीने पहिल्यांदा आपणहून हात वर केला, कोचना आत बोलावले आणि म्हणाली, "सर, खांदा जड झालाय. हिला द्या." आणि तिने चेंडू स्वतःच मैत्रिणीच्या हातात ठेवला.

मी दोरीबाहेर सतरंजीवर होतो. होय, मला पुन्हा येण्याची परवानगी मिळाली आहे. शेजारी आजी होत्या आणि डब्यात शिरा होता. त्या दिवशी आम्ही जिंकलो की हरलो, हे आपण विचाराल तर मला आठवून सांगावे लागेल.